स्वयंपाकघराच्या कपाटांचा रंग: समज आणि वस्तुस्थिती

“पांढरा घ्या, पांढरा कधी जुना होत नाही.” लॅमिनेटच्या दुकानात हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे, कारण पांढरा म्हणजे एकच रंग नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत काळ्या ग्रॅनाइटचा ओटा असतो आणि फरशी बदामी किंवा पिवळसर. तिच्यावर निळसर झाकेचा शुभ्र पांढरा आला की नवी फरशीसुद्धा मळकट दिसू लागते. तिथे मोतिया किंवा हस्तिदंतीच शोभतो. रंग जुनाट वाटतो तो बहुधा फॅशन सरली म्हणून नव्हे, तर ओटा आणि फरशीशी त्याचं पहिल्या दिवसापासूनच जमलेलं नसतं म्हणून. ओटा-फरशी वीस-वीस वर्षं बदलत नाहीत. म्हणून सुरुवात तिथून करायची.

रंगीत कपाटं लवकर जुनी होतात, हाही समजच. आधुनिक मॉड्युलर स्वयंपाकघराचा पाया मानलं जाणारं ‘फ्रँकफर्ट किचन’ मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की यांनी 1926 मध्ये आखलं. त्यातली कपाटं पुष्कळ घरांत निळसर हिरवी होती. निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत, अशी तेव्हा समजूत होती. त्या स्वयंपाकघराचा एक नमुना न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात जपलेला आहे आणि तशाच मंद हिरव्या-निळ्या छटा आजही हौसेने निवडल्या जातात. काळाच्या ओघात टिकतात त्या राखाडी मिसळलेल्या, दबलेल्या छटा: शेवाळी, मातकट गुलाबी, धुरकट निळा. झगझगीत लाल किंवा केशरी चकचकीत शटरं मात्र पाच-सात वर्षांत डोळ्यांना खुपू लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

गडद रंगावर डाग दिसत नाहीत म्हणून काळा किंवा गडद करडा निवडणारे तर फारच. प्रत्यक्षात पोळ्या लाटताना उडालेलं पीठ, तेलकट बोटांचे ठसे आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके गडद मॅट पृष्ठभागावरच सगळ्यात उठून दिसतात. फिकटावर हळद दिसते, हे खरं. पण हळदीतलं रंगद्रव्य उजेडात विरतं, त्यामुळे खिडकीजवळचा डाग पुष्कळदा आपोआप फिका होतो. रोजच्या फोडणीच्या घरात सगळ्यात कमी त्रास देतात ते मधल्या उजळपणाचे, बारीक रेषांचे लाकडी पोताचे रंग.

“पांढरा पिवळा पडतोच.” हे रंगापेक्षा साहित्यावर अवलंबून आहे. ऑइल पेंटचा पांढरा पिवळा पडतो, आणि तोही उजेड न पोचणाऱ्या कपाटाच्या आतल्या बाजूला जास्त. शेगडीजवळ पीव्हीसी मेम्ब्रेन उष्णतेने पिवळी पडते, कडेने सुटतेही. मेलामाइनच्या लॅमिनेटमध्ये ही तक्रार फारच कमी.

लहान स्वयंपाकघरात गडद रंग चालतच नाही, असंही नाही. खालच्या ट्रॉल्या गडद ठेवा, डोळ्यांच्या उंचीवरची कपाटं भिंतीच्या रंगाच्या जवळची घ्या आणि त्यांच्या खाली एलईडी पट्टी लावा. खोली कोंदट वाटत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक: दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र उजेडात, टेबलावर आडवा ठेवलेला नमुना पाहून रंग पक्का करणं. शटर उभं असतं, त्यावर उजेड वेगळा पडतो. शिवाय 6500 केल्विनच्या थंड दिव्याखाली करडा दिसणारा रंग 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तपकिरीकडे झुकतो. तेव्हा दोन-तीन नमुने घरी आणा. ओट्याला टेकवून उभे करा. सकाळी अकराला बघा, मग रात्री तुमच्याच दिव्यात बघा. एकावर तेलात कालवलेली हळद लावून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी साध्या साबणाने पुसा. घरात स्वयंपाक करणारी जी कोणी व्यक्ती असेल, तिचं मत शेवटचं धरा.

आणि काम झालं की नमुन्यामागचा कोड नंबर लिहून ठेवा, जमल्यास 8 बाय 4 फुटांचा एक जादा शीटही घेऊन ठेवा. कंपन्या छटा बंद करतात, आणि एखादं शटर खराब झालं की नेमका तोच रंग बाजारात मिळत नाही.