एलीयाच्या उशाशी आलेला देवदूत

मागच्या वेळी आपण सिंहांच्या गुहेतला दानीएल पाहिला. तिथे देवदूत सिंहांची तोंडंच बंद करतो. संरक्षण म्हटलं की आपल्याला हेच हवं असतं.

आज १ राजे, अध्याय १९ घेऊ. ईजबेल राणी निरोप्यामार्फत एलीयाला ठार मारण्याची धमकी देते. तो बैर-शेबापुढच्या रानात पळतो, झुडपाखाली मरण मागतो आणि झोपी जातो. तेव्हा देवदूत त्याला स्पर्श करतो. आता गंमत बघा, मूळ हिब्रूत राणीचा निरोप्या आणि हा देवदूत, दोघांनाही एकच शब्द आहे : मलाख. म्हणजे निरोप आणणारा. पंखबिंख इथे नाहीतच. एक मलाख मरणाचा निरोप आणतो, दुसरा उठवून जेवायला सांगतो. निखाऱ्यावरची भाकर, उशाशी पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! देवदूत रागावत नाही. पुन्हा उठवतो, पुन्हा खायला सांगतो; पुढे होरेबपर्यंत ४० दिवसांची वाट आहे. धमकी मात्र तशीच राहते.

आणि उरीया संदेष्टा? यिर्मयाच्या २६व्या अध्यायात तो मिसरात पळतो. यहोयाकीम राजा त्याला धरून आणवतो, तलवारीने मारतो. तिथे कुठलाच देवदूत येत नाही. का, ते ग्रंथ सांगत नाही. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरुवात करू.