आग्रा रोडवर आग्र्याला कोण जातं? : एका बाजाररस्त्याचा इतिहास कसा वाचायचा

आमच्या दोंडाईच्यात लग्न ठरलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते 'लगीनना बस्ता धुयाले'. एसटीने दीड-दोन तासांवर धुळे, आणि धुळ्यात उतरलं की आग्रा रोड. साड्या, भांडी, चपला, सोनं, सगळं त्या एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना. लहानपणी मला वाटायचं, आग्र्याचा माल मिळतो म्हणून हे नाव असेल. पीएचडीसाठी बाजारपेठा हा विषय घेतला तेव्हा माझी समज फार पुढे गेलेली नव्हती, हे आधीच कबूल करतो.

सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं : 'सर विश्वेश्वरय्या यांनी धुळे शहराची आखणी केली व आग्रा रोडची बाजारपेठ नैसर्गिकरीत्या विकसित झाली.' गाईडनी पेन्सिलीने दोन शब्दांखाली रेघा मारल्या. 'विश्वेश्वरय्या'खाली एक आणि 'नैसर्गिकरीत्या'खाली एक. मग विचारलं, "जन्म कधीचा त्यांचा?"

जन्म 1860 चा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते आले 1884 मध्ये आणि त्यांनी पांझरा नदीवर दातर्तीजवळ पाणी पलीकडे नेणारा सायफन बांधला. हे काम खरं, गाजलेलं आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड 1880 साली छापला गेला आणि त्यात धुळ्याचं नवं गाव आखून वसल्याचं वर्णन आधीच आहे. ते श्रेय तिथे कॅप्टन जॉन ब्रिग्जला दिलंय, साल 1819. म्हणजे विश्वेश्वरय्यांच्या जन्माआधी 41 वर्षं. धुळ्यात आजही दहापैकी आठ जण तुम्हाला विश्वेश्वरय्यांचंच नाव सांगतील (मीही सांगायचो), आणि इंटरनेटवर एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलेलं भरपूर सापडेल. तेव्हा कुठल्याही आख्यायिकेला हात घालण्याआधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. माझे दोन महिने वाचले असते.

आता दुसरी रेघ, 'नैसर्गिकरीत्या'. खरी गंमत इथे आहे.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा तो उजाड झालेला होता. 1802 पासूनच्या लुटालुटीने आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पडली होती. ब्रिग्जने मुख्य ठाण्यासाठी धुळं निवडलं, कारण ते जिल्ह्याच्या मध्यावर होतं आणि उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर. तेव्हा धुळ्यात 401 घरं आणि 2,509 माणसं होती. एवढ्याशा गावात व्यापारी आपणहून कशाला येईल? त्याला बोलवावं लागलं. घर बांधायला जागा कायमची बिनभाड्याने आणि पक्कं घर उभारायला सरकारी उचल. कारागीर लांबून आणले. आजही जुन्या धुळ्यात पत्ता सांगतात तो 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर सहा' असा. आपोआप वाढलेल्या गावात गल्लीला आळीचं, जातीचं, देवळाचं नाव पडतं, आकडा सहसा पडत नाही.

म्हणजे बाजार 'उगवला' नाही, तो लावला गेला. नाशिक-मालेगावकडून येऊन सोनगीर, शिरपूर, पळासनेर करत सातपुडा ओलांडणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावरची रहदारी पुढे त्याच्या कामी आली. 1900 च्या सुमारास चाळीसगावहून रेल्वे आली, पण ती फाट्याची, धुळ्यात येऊन संपणारी. त्यामुळे रस्त्याचं महत्त्व टिकलं. त्याच सुमारास आमचं दोंडाईचा तापी खोऱ्यातल्या सुरत-भुसावळ मार्गावर आलं. आमचा बाजार मिरचीचा आणि घाऊक मालाचा, त्यामुळे त्याचं तोंड स्टेशनकडे. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गावांची अशी तुलना करून बघा, एका गावाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी न सुचणारे प्रश्न सुचतात.

पुढे महामार्ग गावाबाहेरून वळला. आग्र्याला जाणारा ट्रक आता आग्रा रोडवर येत नाही. पण गांधी पुतळ्याकडून पाचकंदील, कराचीवाला खुंट असं चालत जा, गर्दीत खांद्याला खांदा लागतो. (खुंट म्हणजे चौक. नगरलाही तेलीखुंट आहे. पुण्याच्या मित्राला हा शब्द समजावताना मजा येते.)

या गर्दीतला निम्मा बाजार दुकानांत नाहीच, तो हातगाड्यांवर आणि जमिनीवर अंथरलेल्या पोत्यांवर आहे. गॅझेटिअरमध्ये घरं मोजली, मालकांना जागा दिल्या, त्याची नोंद झाली. रस्त्यावर बसणाऱ्याची नोंद कुणी केली? सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तो नाही, घरपट्टीच्या वहीत नाही. आज अतिक्रमण हटवायची गाडी आली की त्यालाच विचारतात, तू इथे कधीपासून? आणि ज्यांच्या पूर्वजांना सरकारने बिनभाड्याची जागा दिली असेल, त्यांना हे कुणी विचारत नाही. दुकानदाराचीही बाजू आहे. दारासमोर गाडी लागली तर गिऱ्हाईक आत येत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. तरी पुराव्याचं ओझं एकाच बाजूवर आहे, असं माझं मत.

2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत. म्हणजे 'कधीपासून' या प्रश्नाला वजन आहे. आणि तो प्रश्न आपल्याच विषयाचा आहे.

मी राजवाडे संशोधन मंडळात बसलो, जुने नकाशे शोधले, नोंदवह्यांसाठी अर्ज केले. ते करायचंच. पण सगळ्यात कामाचा कागद मिळाला तो बांगड्या विकणाऱ्या एका मावशींकडे. तीन दिवस मी नुसता फिरत होतो, चौथ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "काय मोजतोस रे भाऊ?" सांगितलं. त्यांनी गाडीखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत रोजच्या बाजार फीच्या पावत्या, रबरबँड लावून वर्षावर्षाचे गठ्ठे. सर्वात जुन्या गठ्ठ्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव होतं, शाई उडालेली.

फोटो काढू का विचारलं. म्हणाल्या, "पावतीचा काढ, माझा नको. आणि आधी हात पूस, चहा सांडलाय तुझ्या बोटांवर."