शर्यतीत सायकल न चालवणारे

पुण्यात जानेवारी 2026 मध्ये झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ या सायकल शर्यतीचा मार्ग 437 किमीचा होता. एवढ्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण पोलिसांच्या भरवशावर सोडता येत नाही. इंदूरसारख्या शहरातल्या छोट्या शर्यतीतही तेच, म्हणून स्वयंसेवक लागतात.

सर्वांत जबाबदारीचं काम मार्शलचं: शिट्टी आणि पिवळा झेंडा घेऊन दुभाजक, गतिरोधक किंवा अवघड वळणाची सूचना देणं. इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटासारख्या उतारावर ताशी 60 किमी वेगाचा स्वार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येतो. झेंडा थेट अडथळ्यापाशी दिसला, तर उशीर झालेला असतो. तो बराच आधी, सरळ रस्त्यावरूनच दिसायला हवा. घोळका गेला म्हणून जागा सोडायची नाही. मागे राहिलेले स्वार बाकी असतात, आणि त्यांच्यासाठी रस्ता पुन्हा गजबजू लागलेला असतो. शर्यतीच्या ताफ्यातली शेवटची गाडी पुढे गेली की मगच सुटका.

नोंदणी, क्रमांक वाटप आणि पाणी देणं ही कामं नवख्यालाही जमतात. पाण्याची बाटली चढावर द्यावी, उतारावर कधीच नाही.

आणि कचरा! 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्यानं अव्वल ठरलेल्या इंदूरमध्ये रिकाम्या बाटल्या, केळ्यांची सालं वेगवेगळी उचलणारी तुकडी हवीच.