माळव्यातील मराठी घराणी – लेखांक ६ : मूळ पुरुषाचा शोध, दप्तरात आणि रक्तात

आज सरदारपूर तहसिलीत असलेल्या अमझेऱ्याला २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्यानंतर पवार, होळकर, शिंदे यांच्यामागून शिलेदार, कारकून आणि पुरोहित माळव्यात येऊन राहिले. कोणाला इनाम मिळाले, कोणाला चाकरीबद्दल जमीन. शिपाईगिरी संपली तरी शेत राहिले, आणि शेतामुळे घर राहिले. अशा घराला आपला मूळ पुरुष शोधायचा तर आठ-दहा पिढ्या मागे जावे लागते.

पहिला प्रश्न नावाचा नसून गावाचा असतो: ते गाव कोणत्या दरबारचे होते? माळव्यात धार, देवासच्या थोरल्या व धाकट्या पात्या, होळकर आणि शिंदे यांची गावे एकमेकांत मिसळलेली होती. अमझेऱ्याचे राठोड राजे बख्तावरसिंह यांना इंग्रजांनी फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदूरला फाशी दिली आणि संस्थान शिंद्यांकडे सोपवले. त्यामुळे सरदारपूरकडच्या शेतकऱ्याचे जुने कागद जवळच्या धारेत न शोधता ग्वाल्हेरच्या दप्तरात शोधायला हवेत. खुद्द सरदारपुरात माळवा भिल पलटणीची छावणी आणि भोपावर एजन्सीचे ठाणे होते, म्हणजे इंग्रजी कागदांचा तिसरा प्रवाह. १९४८ मध्ये ही सगळी संस्थाने मध्य भारतात विलीन झाली.

खसरा-खतौनी या जमिनीच्या नोंदींवरून वारसांची नावे एकेक पायरी मागे नेता येतात. त्यापलीकडे सनदा, इनामपत्रे आणि हिशेब लागतात, तेही बहुधा मोडीत. सर्वांत बोलका कागद भांडणाचा. वतनाचा वाद निघाला की वादी कैफियतीत आपली वंशावळ सांगतो. पण ती त्याच्या सोयीची असू शकते. गोतासमोर साक्षी घेऊन केलेला महजर अधिक भरवशाचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर व उज्जैनच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः बाप, आजा, भाऊ आणि मूळ गाव लिहून दिलेले असते. दूरच्या दोन क्षेत्रांतल्या, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या वह्या जुळल्या, तर तो पुरावा मोलाचा मानावा.

जनुकीय चाचणीचा उपयोग याच्या पुढे सुरू होतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जाते. म्हणून माळव्यातला एक पुरुष आणि देशावरच्या मूळ गावातला त्याच भाऊबंदकीतला एक पुरुष, अशा दोघांची त्यांच्या संमतीने तुलना करावी. नमुने जवळून जुळले तर दोघांचा पितृवंश एक. तो किती पिढ्यांमागे एकत्र आला याचा मात्र केवळ ढोबळ अंदाज बांधता येतो. बाकीच्या गुणसूत्रांत वाटणी होत जाते. दहाव्या पिढीत एकूण १,०२४ पूर्वज असतात, प्रत्येकाचा सरासरी वाटा ०.१ टक्क्याहून कमी, आणि कित्येकांचा एकही तुकडा आजच्या माणसात उरत नाही. अहवालात मूळ पुरुषाची खूण सापडली नाही, यावरून तो पूर्वज नव्हता असे म्हणता येत नाही.

नमुने जुळले नाहीत तरी घाईने कोणावर संशय घेणे अन्यायाचे आहे. दत्तकाची चाल मराठी घराण्यांत सर्रास होती. धारच्या मैनाबाईंनी पोटचा मुलगा गेल्यावर बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि गादी टिकवली. दप्तरात तो पवारांचा वारस; पितृवंशाने वेगळ्या घरचा; आणि आईकडूनच येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या खुणेने थेट मैनाबाईंच्याच वंशाचा. वारसा आणि रक्त हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आडनावाचेही तसेच. धारचे पवार स्वतःला भोजराजाच्या परमार कुळातले मानतात. भोजाचा नमुना नसल्याने चाचणी त्यावर निकाल देऊ शकत नाही. आजचे पवार आणि परमार एकमेकांशी जुळतात का, एवढेच ती सांगेल.

आईकडच्या वंशात कागद सर्वांत आधी मुका होतो. कागद असला तरी आठवण मुकी होते: दक्षिण आफ्रिकेत केपच्या डच वसाहतीतील शेतकऱ्यांचे वंशज स्वतःला निव्वळ युरोपीय समजत आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ७७ आफ्रिकानर व्यक्तींच्या अभ्यासात सरासरी ४.७ टक्के वारसा युरोपाबाहेरचा निघाला. त्यांच्या आद्य स्त्रियांत गुलाम म्हणून नेलेली बंगालची अँजेला होती, आणि तिचे नाव तिथल्या जुन्या कागदांत आधीपासूनच होते. माळव्यात मायटोकाँड्रियाच्या खुणेवरून असा शोध घ्यायचा तर मूळ पुरुषाच्या बायकोपासून लेक, नात, पणती अशी साखळी आजपर्यंत आणावी लागते. प्रत्येक पिढीत लेक दुसऱ्या गावी, दुसऱ्या आडनावात जाते. तिचा माग खतौनीत लागत नाही. तो लग्नपत्रिकांत, आहेराच्या वह्यांत आणि माहेरची नावे पाठ असलेल्या म्हाताऱ्या आत्यांकडे लागतो.