गाठ सुटली बीजिंगची, भाव पडला मोताळ्याचा

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादले. त्याच महिन्यात कापडगिरण्यांना दिलासा म्हणून दिल्लीने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यात तेव्हा कपाशी पात्या-फुलांवर होती. दिवाळीला गावातच होणाऱ्या खेडा खरेदीत व्यापाऱ्याने मूठभर कापूस दाबून ‘ओला आहे’ म्हटले आणि 8,110 रुपयांचा हमीभाव कागदावरच राहिला. अर्धे शुल्क रशियन तेलापायी होते. ते तेल सर्वांत जास्त घेणारा चीन मात्र त्या दंडातून सुटला. ऑक्टोबरअखेर ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या बुसानमधल्या भेटीनंतर त्याचे शुल्क उलट घटले.

अमेरिकेची चीनपुढची ही नरमाई जुनी आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची 1972 ची चीनवारी सोडून देऊ. सगळे ठरले ते 1989 नंतरच्या दशकात. बीजिंगच्या तिआनमेन चौकात लोकशाहीवाद्यांवर चालून आलेले रणगाडे आम्ही पेपरात पाहिले आणि सुन्न झालो. अमेरिकन माणूसही हलला. गॅलपच्या पाहणीत वर्षारंभी 72 टक्के लोकांचे चीनविषयी मत चांगले होते. काही महिन्यांत ते निम्म्याहून खाली आले. सरकार मात्र फारसे हलले नाही. जुलैतच राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपले सुरक्षा सल्लागार स्कोक्रॉफ्ट यांना गुपचूप बीजिंगला धाडले. त्यावरून बुश यांना झोडपणाऱ्या क्लिंटन यांनी 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर चीनची व्यापारी सवलत मानवी हक्कांशी बांधली. एप्रिल 1994 मध्ये लोकशाहीवादी वेई जिंगशेंग पुन्हा गजाआड गेले आणि मे महिन्यात क्लिंटन यांनी ती गाठ स्वतःच सोडली.

मग मंत्र आला: व्यापार वाढवा, लोकशाही मागोमाग येईल. आपल्याकडच्या विद्वानांनीही तो घोकला आणि शंका घेणाऱ्यांना मागासलेले ठरवले. 11 डिसेंबर 2001 रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. कारखाने आले, लोकशाही आली नाही. 2018 मध्ये तर शी जिनपिंग यांनी राष्ट्राध्यक्षपदाची मुदतमर्यादाच काढून टाकली.

2021 मध्ये अमेरिकेने सक्तीच्या मजुरीवरून चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कापसाला दार बंद केले, तेव्हा आता आपल्या मालाला उठाव येईल, असे जिनिंगवर बोलले जाई. त्या आशेचे काय झाले, ते 2025 च्या हंगामात दिसले.

वॉशिंग्टनने माणसांचे हक्क बाजाराला गहाण टाकले आणि त्या चुकीचा भुर्दंड त्या व्यवहारात कधीच नसलेला कोरडवाहू शेतकरी भरतो आहे. दिल्लीने अमेरिकेशी हवा तो करार करावा. पण हंगामात कापसाच्या आयातशुल्काला हात लावू नये.