कूटचलन आणि शरिया: चलन की माल?

क्रिप्टोकरन्सी म्हणजेच कूटचलन हलाल की हराम, असे विचारले की विद्यार्थी एका शब्दात उत्तर मागतात. फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, आधी वेगळाच प्रश्न विचारते: ही चीज चलन आहे की माल?

उत्तरानुसार नियम बदलतात. हदीसप्रमाणे सोन्याच्या बदल्यात चांदी घेताना वजन कमीजास्त चालते, मात्र व्यवहार हातोहात व्हावा लागतो, उधारी चालत नाही. चलनांच्या अशा अदलाबदलीला ‘सर्फ’ म्हणतात. मग धातूचा नसलेला पैसा? आठव्या शतकात मदीनेचे इमाम मालिक यांनी मत दिले होते, की लोकांनी चामडे चलन म्हणून स्वीकारले तर तेही सोन्याचांदीशी उधारीने बदलणे त्यांना पसंत नाही. म्हणजे चलन ठरते ते लोकांनी स्वीकारल्यामुळे. बिटकॉइनला याचा आधार मिळू शकतो, पण मग बंधनेही आली. बिटकॉइन कर्जाऊ देऊन वाढीव परत घेतले, तर ते सरळ व्याज, म्हणजे ‘रिबा’.

विरोधकांचा भर ‘गरर’वर असतो. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69,000 डॉलरवर गेलेला बिटकॉइन वर्षभरात 16,000 च्या खाली आला. मात्र भावातील चढउतार म्हणजे गरर नव्हे. कांद्याचा भावही कोसळतो, म्हणून कांद्याचा व्यापार निषिद्ध होत नाही. पाण्यातला मासा पकडण्याआधीच विकणे, हे गररचे जुने उदाहरण. काय विकले आणि ते हाती पडेल का, हेच तिथे अनिश्चित असते. भावावरच पैज लावण्याची वृत्ती असेल, तर आक्षेप ‘मैसिर’चा, म्हणजे जुगाराचा घ्यावा.

आता दोन शेजारी देश पाहू. दोन्हीकडे शाफी पंथाचे प्राबल्य. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिया सल्लागार मंडळाने 2020 मध्ये नोंदणीकृत बाजारातील डिजिटल मालमत्तेचा व्यापार वैध ठरवला. ज्या नाण्यामागे कोणतीही वस्तू तारण नाही ते साधा माल, म्हणून त्याला सर्फचे नियम नाहीत. सोन्याचे पाठबळ असलेल्या नाण्याला मात्र ते लागू. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर 2021 मध्ये कूटचलनाचा चलन म्हणून वापर हराम ठरवला. माल म्हणून विकायचे तर त्यामागे ठोस आधार आणि स्पष्ट उपयोग हवा, अशी अट घातली. मागे काही नसणे एकीकडे सोयीचे ठरले, दुसरीकडे दोषाचे. परीक्षेत नुसते ‘मतभेद आहेत’ लिहिणारे नेमके हेच गाळतात.

भारतात 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. त्याने ती कायदेशीर चलन ठरत नाही आणि शरियाचा प्रश्नही सुटत नाही. गुंतवणूकदाराने आधी सौद्याचा प्रकार पाहावा. पूर्ण पैसे देऊन नाणे ताब्यात घेणे हा वादाचा विषय आहे. व्याजाने पैसे उचलून, नाणे हाती न घेता केवळ भावाच्या फरकावर केलेल्या सौद्याला मात्र बहुतेक शरिया अभ्यासकांचा विरोध आहे.