रोज ५०० मेल पाठवता येतात, म्हणून पाठवायचे का?

कोल्ड मेलच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "मॅडम, एका दिवसात जास्तीत जास्त किती मेल पाठवता येतात?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न मला स्वतःला एक ऑर्डर घालवून कळला. आधी तेच सांगते.

भोसरीत माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान आहे. स्ट्रेच फिल्म, बबल रोल, कोरुगेटेड बॉक्स, असा माल. नवीन वेबसाइट केली, डोमेनवर मेल आयडी घेतला आणि एका ओळखीच्याकडून 'चाकण बेल्टचे परचेस मॅनेजर' अशी एक्सेल शीट विकत घेतली. एका रात्रीत साडेचारशे मेल सोडले. मजकूर सगळ्यांना सारखाच, सोबत जड ब्रोशर. सकाळी बघते तर नव्वदच्या वर मेल बाउन्स! कुणी नोकरी सोडलेली, कुठे स्पेलिंगच चुकीचं.

खरा फटका चौथ्या दिवशी बसला. तळवड्याच्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला: "ताई, कोटेशन कधी पाठवताय? आज पीओ काढायचाय." मी तर आदल्या दिवशीच पाठवलं होतं. ते त्यांच्या स्पॅममध्ये पडलं होतं. सापडेपर्यंत ऑर्डर दुसऱ्याला गेली. नवं गिऱ्हाईक एकही मिळालं नाही आणि जुन्याची ऑर्डर हातची गेली.

लिमिट वेगळी, पत वेगळी

लिमिट म्हणजे तुमच्या मेल कंपनीने घातलेली मर्यादा. साध्या फुकट जीमेलवरून दिवसाला ५०० मेल जातात. गूगल वर्कस्पेसच्या पैसे भरलेल्या खात्यावर २,००० आणि मेल मर्ज वापरलं तर १,५००. वर्कस्पेसचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, मागचे २४ तास मोजले जातात. मर्यादा ओलांडली तर काही तास, जास्तीत जास्त दिवसभर पाठवणं बंद. नंतर खातं पुन्हा चालू होतं.

पत मात्र एका दिवसात परत येत नाही. बाजारात उधारी मिळते ती पतीवर, तसाच तुमचा मेल इनबॉक्समध्ये जातो तो डोमेनच्या पतीवर. समोरचा सर्व्हर बघतो: हा पाठवणारा नवीन आहे का? काल पाच मेल आणि आज अचानक चारशे का? किती पत्ते खोटे निघाले? किती जणांनी 'स्पॅम' बटण दाबलं?

गूगलचं म्हणणं आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की धोका. आता तुमचा हिशोब करा: शंभर मेल पाठवले आणि एकानेच बटण दाबलं, तरी झाला एक टक्का! शिवाय मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे फिल्टर असतात, ते वेगळेच.

गेटवरचे तीन कागद

चाकणच्या कुठल्याही मोठ्या प्लांटच्या गेटवर टेम्पो कागद दाखवल्याशिवाय आत जात नाही. मेलचंही तसंच आहे.

१. एसपीएफ: तुमच्या नावाने माल आणायला कुठल्या गाड्यांना परवानगी आहे, त्याची यादी.
२. डीकेआयएम: बॉक्सवरचं सील. वाटेत मजकूर बदलला नाही याचा पुरावा.
३. डीमार्क: यादी आणि सील दोन्ही जुळलं नाही तर गेटने काय करायचं, याची तुमची सूचना.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्या पाठवणाऱ्यांना पहिल्या दोनपैकी किमान एक बंधनकारक केलंय. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. तुम्ही दहा पाठवत असाल तरी तिन्ही लावा. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये हे होतं. तासाभराचं काम आहे.

पण लक्षात ठेवा, कागद बरोबर आहेत म्हणून कुणी माल विकत घेत नाही. ते फक्त गेटपर्यंतचं काम करतात.

मी आता काय करते

- यादी विकत घेत नाही. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला किंवा मोशीला प्रदर्शन असलं की जाते, व्हिजिटिंग कार्ड जमवते. बाकीच्या कंपन्यांना आधी फोन: "परचेस कोण बघतं?"
- हळूहळू वाढवते. नवीन आयडीवरून पहिले दोन आठवडे फक्त ओळखीच्या लोकांशी खरा व्यवहार. मग रोज पाच, मग दहा. आज माझी वरची मर्यादा वीस आहे.
- आयडी वेगळा नाही, डोमेनच वेगळं. कोटेशन आणि बिलं मुख्य डोमेनवरून, नवीन ओळखीचे मेल दुसऱ्या डोमेनवरून. पण नियम दोन्हीकडे तेच.
- मेल सहा ओळींचा. त्या कंपनीच्या कामाशी जोडलेलं एक वाक्य, एकच प्रश्न, ब्रोशर नाही. शेवटी: "नको असेल तर फक्त 'नको' असं उत्तर द्या, पुन्हा मेल येणार नाही." आणि 'नको' म्हणाले की नाव खरंच काढते.
- गुरुवारी मेल नाही. आपल्याकडे बऱ्याच युनिट्सना गुरुवारची सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी साचलेल्या मेलच्या ढिगात तुमचा मेल कोण बघणार?
- बाउन्स वाढले की थांबते. पन्नासात दोन परत आले की आधी यादी तपासते, मगच पुढे.
- आठवणीचा मेल एकदाच, आठवड्याने. त्यानंतर फोन.

रोज पंधरा मेल आणि महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ३३० मेल. माझ्यासारख्या दुकानाला, जिथे कोटेशन मीच बनवते आणि टेम्पोही मीच लावते, एवढ्यांची उत्तरं सांभाळणंच पुष्कळ झालं.

आज एवढंच करा: स्वतःच्या डोमेनवरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा. तो उघडा, तीन टिंबांवर क्लिक करून 'शो ओरिजिनल' बघा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींसमोर 'पास' दिसतंय का? नसेल, तर नवीन गिऱ्हाइकाला मेल लिहायच्या आधी ते नीट करा. नाहीतर तुमचं पुढचं कोटेशनही कुणाच्या तरी स्पॅममध्ये पडून राहील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा चालू ठेवा!